आठवा तुकडा

रेडिओवरच्या आपल्या गप्पांत आपण कधी भाताच्या जातींविषयी बोललो, कधी मिठागरांविषयी. आज एका गोडाच्या जिन्नसाविषयी बोलायचं आहे. त्याचं नाव कस्टर्ड पाय. नाव ऐकून रेडिओ बंद करू नका. हा जिन्नस परका वाटला तरी त्याला लागतं काय? दूध, अंडी, साखर, मूठ-दोन मूठ पीठ आणि चिमूटभर जायफळ. यातलं एकही तुमच्या-आमच्या घराला नवं नाही.

आधी हे सगळं कुठून सुरू झालं ते सांगतो. गेल्या हिवाळ्यात नागावला आमच्या गटातल्या एका मैत्रिणीकडे पाहुणे उतरले होते. ती घरगुती राहण्याजेवणाची सोय करते. पाहुणे म्हणजे अमेरिकेतलं एक वयस्कर जोडपं, त्यांच्या देशाच्या दक्षिण भागातलं. चार दिवस घावनं, वालाचं बिरडं आणि जिताड्याचं कालवण जेवून झाल्यावर ती आजी म्हणाली, आज मी काहीतरी करते. आमच्या मैत्रिणीची कॉलेजला जाणारी मुलगी मध्ये बसून दोघींचं बोलणं एकमेकींना सांगत होती. आजीनं दूध, अंडी, मैदा मागितला. ओव्हन नाही म्हटल्यावर ती हसली. म्हणाली, माझ्या आजीकडेही नव्हता. मग परसातल्या चुलीवर जाड टोप चढला, झाकणावर करवंटीचे निखारे ठेवले आणि तासाभरानं आतून पिवळसर, थरथरता, खाली खुसखुशीत पोळी असलेला गोल जिन्नस बाहेर आला.

तो निवल्यावर आजीनं सुरीनं त्याचे आठ सारखे तुकडे केले. पहिला तुकडा उचलून आमच्या मैत्रिणीच्या हातात दिला. ही ताटली धरून उभीच राहिली. आधी सासऱ्यांना दिला, मग सासूबाईंना, नवऱ्याला, दोन्ही मुलांना, मग पाहुण्यांना. सात झाले. आठवा तुकडा तसाच राहिला. ती म्हणाली, "हा संध्याकाळी मुलांना होईल." आजीनं बोटांवर मोजून दाखवलं, माणसं आठ आहेत, तुकडे आठ आहेत. हिनं सात मोजले होते. स्वतःला मोजायची तिला सवयच नव्हती.

ही गोष्ट तिनं गटाच्या बैठकीत हसत हसत सांगितली, पण हसू कुणालाच आलं नाही. कारण मोजताना आपण सगळ्याच सातावर थांबतो. तेव्हाच ठरवलं की हा जिन्नस करून बघायचा आणि त्याचा इतिहासही शोधायचा. जे सापडलं ते आज सांगतो.

आधी शब्द बघू. कस्टर्ड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पिवळी पावडर येते, लग्नातलं फ्रूट सॅलड येतं. पण हा शब्द मुळात दुधाचा नाही, पोळीचा आहे. फ्रेंच भाषेत आणि जुन्या इंग्रजीत 'क्रस्टेड'सारखा शब्द होता. त्याचा अर्थ, कणकेच्या कवचात भरलेला जिन्नस. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या राजाच्या आचाऱ्यांनी लिहिलेल्या पाककृतींत असे जिन्नस आहेत आणि त्यात मांस-मासेही भरलेले आहेत. पुढे अंडं घातलेल्या दुधाचं सारण लोकांना इतकं आवडलं की कवचाचं नाव आतल्या सारणाला चिकटलं. म्हणजे कस्टर्ड पाय हा जिन्नस जुना आणि वाटीतलं नुसतं कस्टर्ड मागाहून आलेलं.

पावडर तर फारच अलीकडची. १८३७ साली इंग्लंडच्या बर्मिंगहॅम शहरात आल्फ्रेड बर्ड नावाचा एक औषधविक्रेता होता. त्याच्या बायकोला अंडं सोसत नसे. तिच्यासाठी त्यानं मक्याच्या पिठाची, अंड्याशिवाय दूध घट्ट करणारी पावडर बनवली. आपल्याकडे पुण्याची वीकफील्ड कंपनी १९५६ साली सुरू झाली आणि तिची कस्टर्ड पावडर तालुक्याच्या दुकानापर्यंत पोचली. तेव्हा आपण ज्याला कस्टर्ड म्हणतो ते एका नवऱ्यानं बायकोला खाता यावं म्हणून केलेलं आहे. बाईच्या वाटणीचा विचार त्या पावडरीच्या डब्यातसुद्धा आहे, हे आम्हाला आवडलं.

आता अमेरिकेच्या दक्षिण भागाकडे जाऊ. तिथे कापसाची, तंबाखूची, भाताची मोठी शेतं होती. शेतघरी गाय आणि कोंबड्या असायच्या. हिवाळ्यात दिवस लहान झाला की कोंबड्या अंडी कमी देतात, उजेड वाढला की पुन्हा भरपूर देतात. झाडावर फळं नसत तेव्हा सुगरण अंड्या-दुधावर भागवायची. म्हणून कस्टर्ड पाय, ताकाचा पाय, नुसत्या साखर-लोण्या-अंड्यांचा पाय असे साधे प्रकार तिथे घरोघर झाले. ती काही श्रीमंतांची मिठाई नव्हती. घरात आहे त्यात गोड करायची ती रीत होती, आपण घरात काही नसलं की गूळ-खोबऱ्याचं करतो तशी.

पण हे करत कोण होतं? मोठ्या शेतमालकांच्या घरांत चुलीपुढे आफ्रिकेतून आणलेल्या गुलाम बायका आणि त्यांच्या लेकी-नाती होत्या. गुलाम म्हणजे मजूर नव्हे. विकत घेतलेलं माणूस. त्याला मजुरी नाही, घर सोडून जायची मुभा नाही, आणि पोटची मुलंही मालकाची. या बायका लोखंडी जाड भांड्यात, झाकणावर निखारे ठेवून पाय भाजायच्या. त्या भांड्याच्या झाकणाला मुद्दाम काठ असायचा, निखारे घसरू नयेत म्हणून. करणाऱ्या त्या, खाणारे दुसरे. त्यांच्या स्वतःच्या वाट्याला मालकानं मोजून दिलेलं मक्याचं पीठ, खारवलेलं डुकराचं मांस, थोडी काकवी.

एक गोष्ट मात्र बऱ्याच ठिकाणी त्यांच्या हातात होती. झोपडीमागे कोंबड्या पाळता यायच्या. व्हर्जिनिया राज्यात थॉमस जेफरसन यांचं मोंटिसेलो नावाचं मोठं घर होतं. हेच जेफरसन पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या घरच्या हिशेबाच्या वह्यांत नोंदी आहेत की कोंबड्या आणि अंडी त्यांच्याच शेतावरच्या गुलामांकडून पैसे देऊन घेतली. विचार करा. माणूस मालकाचं, पण अंडं तिचं. मग ती ते खाणार की विकणार? विकणारच. हातात रोकडा पैसा यायचा तो तेवढाच.

हे ऐकून आमच्या बैठकीतल्या एक आजी म्हणाल्या, "हे तर आपलंच." गुलामी आणि आपलं जगणं एक नव्हे, ते दुःख फार वेगळं आणि फार मोठं. पण अंड्याचं गणित आजींना लगेच कळलं. त्यांच्या तरुणपणी घरात आठ-दहा कोंबड्या असायच्या. अंडी टोपलीत भुशात घालून बाजाराला जायची. त्या पैशात मीठ-मिरची, रॉकेल, पोरांच्या वह्या. घरात अंडं फुटायचं ते कुणी आजारी पडलं तर, नाहीतर कर्त्या पुरुषासाठी. "मी अख्खं अंडं पहिल्यांदा खाल्लं ते बाळंतपणात," आजी म्हणाल्या.

अमेरिकेतली गुलामगिरी १८६५ साली कायद्यानं संपली. आता एका बाईची हकिकत ऐका. तिचं नाव अ‍ॅबी फिशर. दक्षिण कॅरोलायना राज्यात गुलामीत जन्मलेली, अकरा मुलांची आई. गुलामगिरी संपल्यावर ती कुटुंबासह हजारो मैल दूर, पश्चिम किनाऱ्यावरच्या सॅन फ्रान्सिस्को शहरात गेली. तिथे तिनं लोणची, सॉस, मुरांबे करून विकायचा धंदा उभा केला. प्रदर्शनांत १८७९ आणि १८८० साली बक्षिसं मिळवली. लोक म्हणू लागले, तुमच्या कृती पुस्तकात द्या. पण तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, नवऱ्यालाही नाही. दक्षिणेकडच्या बऱ्याच राज्यांत गुलामांना अक्षर शिकवणं हाच गुन्हा होता. मग तिनं तोंडानं सांगितलं आणि ओळखीच्यांनी लिहून घेतलं. १८८१ साली ते पुस्तक निघालं. छापलं कुणी? बायकांनी सहकारानं चालवलेल्या एका छापखान्यानं. त्यात पायांच्या कृती आहेत, रताळ्याचासुद्धा पाय आहे. एका निरक्षर बाईचं ज्ञान तिच्या स्वतःच्या नावानं आज जगभर वाचलं जातं.

बचत गटातल्या बायकांनी ही हकिकत लक्षात ठेवावी असं आम्हाला वाटतं. लोणच्याचा धंदा, प्रदर्शनातलं बक्षीस, बायकांचा छापखाना, आणि सांगणारी एक, लिहिणारी दुसरी. आपण रेडिओवर बोलतो आणि मासिक ते छापतं, तेही याच वाटेवरचं.

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. दूध थिजवून त्याच्या वड्या पाडायची कला आपल्याला कुणी शिकवावी लागली नाही. आपला खरवस बघा. गाय-म्हैस व्याली की पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक घ्यायचा, त्यात साधं दूध आणि गूळ किंवा साखर घालायची, वेलची-जायफळ लावायचं आणि वाफेवर ठेवायचं. अंडं नाही, पीठ नाही, तरी सुरीनं कापता येईल असं घट्ट होतं. याचं कारण, चिकात प्रथिनं साध्या दुधापेक्षा कितीतरी जास्त असतात. आच लागली की ती एकमेकांना धरतात आणि दुधातलं पाणी आपल्यात कोंडून घेतात. कस्टर्डमध्ये हेच काम अंडं करतं. म्हणजे खरवस आणि कस्टर्ड या चुलत बहिणी. दोघींना जायफळ आवडतं, आणि जायफळाची झाडं तर कोकणातल्या सुपारीच्या वाड्यांत आहेतच.

खरवसातही वाट्याचा प्रश्न आहे. पहिला हक्क वासराचा. व्याल्यावर पहिल्या एक-दोन तासांत वासराला चीक पाजलाच पाहिजे आणि पहिल्या दिवसात त्याच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका चीक त्याच्या पोटात गेला पाहिजे. तीस किलोचं वासरू असेल तर तीन लिटर. रोगाशी लढायची ताकद त्याला त्यातूनच मिळते. त्यातून उरेल त्याचा खरवस. जुन्या बाया वासराला पाजल्याशिवाय भांडं लावत नसत.

पण इथे आपल्याला आपली एक चूकही कबूल केली पाहिजे. गाईचा चीक अमृत म्हणून शेजारीपाजारी वाटणारी आपली घरं बाळंतिणीचा पहिला पिवळा चीक मात्र वाईट म्हणून पिळून टाकत होती. बाळाला मध किंवा गुळाचं पाणी चाटवत. आज आशाताई घरोघर सांगतात की जन्मल्यावर पहिल्या तासाभरात बाळाला अंगावर घ्या, तो चीक म्हणजे बाळाची पहिली लस. वासराचा वाटा राखणाऱ्या हातांनी लेकराचा वाटा सांडला. आता सांडू नका.

चीक हा शब्द आपण दुसऱ्या गोष्टीलाही वापरतो. गहू दोन-तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून खाली बसतो तो गव्हाचा चीक. आपण त्याच्या कुरडया घालतो. आपल्याच किनाऱ्यावरच्या बेने इस्रायल लोकांनी त्याचा हलवा केला. हे आपले ज्यू शेजारी. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना शनवार तेली म्हटलं. त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांच्यात परंपरेनं सांगितली जाणारी कथा आहे. घरात मराठी बोलणारी ही माणसं. त्यांच्या धर्मात मांस आणि दूध एकत्र चालत नाही. म्हणून त्यांच्या बायकांनी गोडाला नारळाचं दूध धरलं. नव्या वर्षाच्या सणाला, ज्याला ते नवियाचा सण म्हणत, गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध आटवून थाळीत ओतायचं, थंड झालं की वड्या. इथे घट्ट करायचं काम गव्हाचं सत्त्व करतं. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. अलिबागची इस्रायल आळी आणि तिथलं प्रार्थनामंदिर अजून आहे. आणि हा चिकाचा हलवा त्यांनी समुद्रापार नेला.

राहिला भाग वरून-खालून आच देण्याचा. चौल-रेवदंड्याला सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले, किल्ला बांधला आणि १७४० साली ती जागा मराठ्यांकडे येईपर्यंत राहिले. समोरच्या कोर्लई गावात त्यांच्या भाषेपासून झालेली बोली आजही घरात बोलली जाते. पोर्तुगीजांच्या गोडात अंड्याचा बलक फार. गोव्याचं बेबिंक त्याच वळणाचं, बलक आणि नारळाचं दूध, एकावर एक थर, आणि प्रत्येक थर वरून निखारे ठेवून भाजायचा. मुंबईच्या पारशी लग्नांत आटवलेल्या दुधाचं भाजलेलं कस्टर्ड आजही असतं, त्याचं नावच 'लगन नू कस्टर्ड'. पाठारे प्रभूंच्या घरी कोलंबी-कोबीचं भानोलं अशाच दुहेरी आचेवर होई. याच समाजातल्या लक्ष्मीबाई धुरंधर यांनी १९१० साली 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' हे पुस्तक काढलं. त्याआधी १८७५ साली 'सूपशास्त्र' हे मराठी पाकपुस्तक छापलं गेलं होतं, पण ते एका पुरुषानं लिहिलेलं. स्वयंपाक बाईचा आणि पुस्तक पुरुषाचं, असं आपल्याकडेही झालं. लक्ष्मीबाईंनी आपलं ज्ञान आपल्या नावानं छापलं.

तेव्हा मैत्रिणींनो, कस्टर्ड पायला लागणारं एकेक कसब या किनाऱ्यावर आधीच होतं. खरवसवालीला दूध थिजवता येत होतं, चिकाचा हलवा करणारीला वड्या पाडता येत होत्या, भानोलंवालीला झाकणावर निखारा ठेवता येत होता. आणि पोळी लाटणं तर प्रत्येकीला येतं.

आता वाट्याविषयी थोडं. वाटा म्हणजे काय हे आपल्या जिल्ह्याला शिकवायला नको. १९३३ साली, रायगडला कुलाबा जिल्हा म्हणत तेव्हा, अलिबागजवळ चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी खोताची शेती कसणार नाही असा संप केला. तो १९३९ पर्यंत चालला. जमीन कसणाऱ्यानं राबायचं आणि भाताचा मोठा हिस्सा खोतानं न्यायचा, वर वेठही करून घ्यायची, याच्या विरोधात तो संप होता. त्या वर्षांत घरं जगवायला बायाबापड्यांनी डोंगरातली लाकडं विकली. कसणाऱ्याला वाटा मिळाला पाहिजे, हे त्यांनी इतक्या वर्षांपूर्वी ठणकावून सांगितलं. मग रांधणारीचा वाटा?

आम्ही आमच्यात बोललो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. आमटी, खीर, कालवण हे वाढायचे जिन्नस. डावानं वाढलं की प्रत्येकाला कमी-जास्त करता येतं, शेवटी भांड्याच्या तळाशी राहील ते आपलं. ते किती कमी आहे हे कुणाला दिसत नाही, आपल्यालाही नाही. पण कापून वाटायचा जिन्नस असला की वाटा डोळ्यांना दिसतो. आठ माणसं, आठ तुकडे. एक तुकडा उरला तर विचारावं लागतं, हा कुणाचा? भाकरीची चतकोर तरी मोडून देता येते. दिलेला पायचा तुकडा मोडून दोघांना दिला तर तोंड उष्टावण्यापुरताही राहत नाही.

आणि हा नुसता मानाचा प्रश्न नाही. आपल्या गावांतल्या किती बायकांना रक्त कमी आहे ते आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना विचारा. अंडं-दूध हे औषध नव्हे, लोहासाठी पालेभाजी, मासळी आणि सरकारी गोळ्या लागतातच. पण अंगाला लागणारं चांगलं प्रथिन अंड्यात आणि दुधात आहे. घरात सगळ्यांत आधी उठणारीला ते सगळ्यांत शेवटी मिळावं, हे कुठल्या शास्त्रात आहे?

आता कृती सांगतो. कागद-पेन्सिल घ्या.

आमचा पहिला प्रयत्न फसला. लवकर व्हावं म्हणून जाळ मोठा ठेवला. वरून फुगलं, आतून जाळी पडली आणि कापताना पाणी सुटलं. चव बरी होती, पण ते कस्टर्ड नव्हतं, गोड अंडाभुर्जी होती. फसण्याचं कारण साधं. अंड्यातली प्रथिनं साधारण ८० अंशांच्या आसपास दुधाला धरून ठेवतात. उकळीपर्यंत गेलं की ती आवळतात आणि पाणी पिळून टाकतात. म्हणून आच मंद हवी.

पोळीसाठी मैदा १८० ग्रॅम, म्हणजे साधारण दीड वाटी, चिमूट मीठ, आणि घट्ट थिजलेलं तूप किंवा लोणी ९० ग्रॅम. आपल्या दमट हवेत तूप पातळ होतं, म्हणून ते आधी फ्रिजमध्ये किंवा थंड पाण्यात भांडं ठेवून घट्ट करून घ्या. तूप पिठात बोटांच्या टोकांनी चोळा, रव्यासारखं दिसलं की थांबा. तीन-चार चमचे गार पाणी घालून गोळा करा. मळू नका. पुरणपोळीची कणीक तिंबायची असते, ही तिंबली की चिवट होते. अर्धा तास झाकून ठेवा, मग लाटून दीड इंच खोल आणि नऊ इंच रुंद जर्मनच्या ताटलीत बसवा, कडा दाबून घ्या, काट्यानं टोचे मारा.

जाड बुडाच्या मोठ्या टोपात अंगठाभर जाडीचं खडं मीठ किंवा कोरडी वाळू पसरा, वर तिवई ठेवा, झाकण घालून पंधरा मिनिटं तापवा. नुसती पोळी बसवलेली ताटली आत ठेवून पंधरा-वीस मिनिटं भाजा, पांढुरकीच राहिली तरी चालेल. बाहेर काढून तिच्यावर अंड्याच्या पांढऱ्याचा हात फिरवा, म्हणजे टोचे बुजतात आणि दूध खाली झिरपत नाही.

सारणासाठी अर्धा लिटर दूध, १०० ग्रॅम साखर आणि चार अंडी. अंडी गावठी असतील तर पाच घ्या, ती लहान असतात. अंडी आणि साखर हलक्या हातानं फेटा, फेस काढायचा नाही. दूध बोट सोसेल इतपत कोमट करून थोडं थोडं घाला. उकळतं दूध ओतलंत तर अंडं तिथेच शिजून गाठी होतील. चिमूट मीठ घाला, गाळून घ्या, पोळीत ओता आणि वर जायफळ किसा.

झाकण लावून चूल मंद करा, झाकणावर सुरूच्या लाकडाचे किंवा करवंटीचे निखारे ठेवा. गॅसवर करत असाल तर झाकणाला आतून फडकं बांधा, टोकं वर गाठवा, म्हणजे वाफेचे थेंब पडणार नाहीत आणि फडकं जाळापर्यंत लोंबणार नाही. पाऊण ते एक तास लागतो. चाळीस मिनिटांनी उघडून ताटली जरा हलवून बघा. कडा घट्ट आणि मधला भाग नुकत्या लागलेल्या दह्यासारखा हलला पाहिजे. तेव्हाच उतरवा. तो भाग निवताना आपोआप बसतो. पूर्ण घट्ट होईपर्यंत वाट पाहिलीत तर उशीर झाला म्हणून समजा.

दोन तास निवू द्या, मगच सुरी लावा. आपल्या उष्ण हवेत दूध-अंड्याचा जिन्नस बाहेर ठेवायचा नाही, त्याच दिवशी संपवा किंवा निवल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवा. ज्या घरी अंडं चालत नाही त्यांनी खरवस करावा, तोही कापून वाटावा.

शेवटी दोन गोष्टी मागतो. पहिली, तुमच्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा. तिला खरवस, सांदण, भानोलं, जे येत असेल ते विचारा आणि शाळेत जाणाऱ्या नातीकडून वहीत उतरवून घ्या. वर तिचं नाव लिहा. आजीची कृती म्हणून नव्हे, तिचं पूर्ण नाव. अ‍ॅबी फिशरला लिहिता येत नव्हतं तरी पुस्तकावर नाव तिचं आहे.

दुसरी मागणी छोटी आहे. नागावच्या आमच्या मैत्रिणीनं परवा पुन्हा पाय केला, या वेळी पाहुणे नसताना. घरची माणसं सहा. तिनं सहा तुकडे केले आणि पहिला ताटलीत घालून स्वतःसमोर ठेवला. सासूबाई बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला कधी सुचलं नाही ग." दोघी पडवीत बसून एकदम खाल्ल्या. तुम्हीही कापायच्या आधी घरातली माणसं मोजा, आणि मोजायला स्वतःपासून सुरुवात करा.